गाबोळी

त्रोंडहाइमला डिसेंबरात दिवस असा येतो,
जणू कुणी चुकून दिवा लावला
आणि लगेच मालवला.
तेवढ्या वेळात मायकेन आउने
तळघरातल्या प्रयोगशाळेत
काचेच्या नळीत नळी बसवते,
आणि तिच्यात आणखी एक, केसाएवढी.

या नळ्या तोर्गाइरने ओढलेल्या.
ज्योतीवर काच मधासारखी सैल झाली
की दोन्ही हात बाजूला, एका दमात.
बत्तीस वर्षं.
घाई केलीस तर काचेला कळतं, म्हणायचा.

आतल्या नळीत सोड्याचं पाणी, चिमूटभर निळ्या रंगाचं.
तिच्या भोवती सिलिकोन, अजून न थिजलेलं.
सर्वांत बाहेर तिसरं पाणी, नुसतं ढकलणारं.
तोंडाशी थेंब सुटतो, थेंबाच्या पोटात थेंब,
आणि जांभळ्या प्रकाशाखालून वाहता वाहता
वरचा पापुद्रा धरतो.
साल अशी हवी की वायूला दार
आणि पाण्याला भिंत.

गाबोळी, ती म्हणते.
फेब्रुवारीत बापाच्या बोटीवर
कॉडचं पोट फाडल्यावर ओंजळीत यायची तशी.
फक्त हिच्यातून मासा निघायचा नाही.
हिने धुराड्याने सोडलेलं आत घ्यायचं
आणि ऊब लागली की परत द्यायचं,
बरणीत, मोजून.

पहिल्या वर्षी सगळ्या एकमेकींना चिकटल्या,
जास्त भिजलेल्या साबुदाण्यागत.
दुसऱ्या वर्षी पाणी सालीतून उडून गेलं,
प्रत्येकीच्या गालाला खळगा.
तिसऱ्या वर्षी जमल्या,
तर बशीत ओतताना हात हलला.
टेबलावर, टेबलाखाली, बुटांत.
आवळ्याची मोट!
ती आणि तोर्गाइर गुडघ्यांवर बसून
ओल्या बोटाने एकेक टिपत होते,
तो मधूनच थांबत होता,
श्वास लागला म्हणून,
हसू आलं म्हणून, म्हणाला.

त्याच दुपारी कुपीत नळी घालून
तो फुंकला.
सरळ छातीतून, लांब, थरथरत.
निळ्याचं हिरवं झालं.
हिरव्याचं पिवळं.
बघ, मी पण धुराडंच, तो म्हणाला,
आणि तिने बूच घट्ट लावलं,
चिठ्ठी डकवली: एक्केचाळीस. स्रोत, तोर्गाइर.

आता तो हित्राला, बहिणीच्या घरी,
नाकाला नळी, शेजारी सिलिंडर.
नव्या नळ्या यंत्र ओढतं. बऱ्या आहेत.
सिमेंट कारखान्याचे लोक येऊन गेले,
चांगले होते, कॉफी प्यायले,
एकाने विचारलं, किती टन?
मायकेनने चमचा दाखवला.
त्यांचं धुराडं
एवढं तर वाक्य संपायच्या आत सोडतं,
हे तिला माहीत होतं, त्यांनाही.
कुणी बोललं नाही.

पण तो म्हणाला होता, किती वेळा?
एकदा घेणं कोणीही करेल.
परत परत रिकामं होता आलं पाहिजे.
म्हणून रात्री, सगळे गेल्यावर,
ती खणातून एक्केचाळीस काढते.
वर्षभर पिवळी.
ठेवली असती तर ठेवता आली असती.
गरम पाण्यात सोडते, ऐंशी अंश,
बुचाची टाचणी ओढते.

आधी काहीच नाही.
मग बारीक बुडबुडे, एकामागून एक,
दमेकरी जिना चढतो तसे,
थांबत.
पिवळ्याचं हिरवं.
ती खिडकी उघडते.
निदेल्वावर बर्फ पडतंय,
आवाज न करता,
आणि जे बाहेर गेलं ते दिसण्यासारखं नव्हतंच.

वहीत: चक्र पहिलं. साली शाबूत.

मग फोन. पलीकडे सिलिंडरची सुसू.
कुठला रंग?
निळा, ती म्हणते.
पुन्हा घाल तर, तो म्हणतो.